पाणी उत्तरेला जात होतं

९ जून

धाकट्या,

परवा तिसऱ्यांदा तुरुंगाच्या दारातून परत आले. खिडकीतल्या शिपायाने या वेळी यादी बघायचेही कष्ट घेतले नाहीत. "ताई, तो नाही म्हणतो. उगाच चार तासांचा प्रवास करत जाऊ नका," एवढंच म्हणाला. तू भेटणार नसशील तर मी लिहिते. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

आई बरी आहे. माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर. भिंतीशी बोलते. "साक्ष देणाऱ्या बाईंना सांगा, मीठ संपलंय," असं भिंतीला सांगते आणि मी मीठ आणते. काल भिंतीला म्हणाली, "पोटच्या पोरीने पोटच्या पोराला आत घातलं. आता मी जेवू तरी कुणाच्या हातचं?" मग जेवली. पोळी करपली होती, तेही भिंतीला सांगितलं.

तुलाही तेच वाटत असणार. मी आत घातलं. पण जरा माझ्या जागी उभा राहून बघ. या किनाऱ्यावर पाण्याचा वेग आणि दिशा मोजणारं एकच केंद्र आहे, आणि त्यात ते काम करणारी मी एकटी. तो चष्मेवाला तिसऱ्या दिवशी उत्तरेला, दीपगृहाच्या खडकात मेलेला सापडला. न्यायालयाने विचारलं, हा पाण्यात पडला कुठे? मी बोयांचे, म्हणजे समुद्रात तरंगत्या ठेवलेल्या मोजयंत्रांचे, आकडे घेतले आणि साठ तास उलटे मोजत मागे गेले. रेघ बरोबर भूशिराच्या टोकाशी आली, त्या दिवशी सकाळी तुझी बोट होती तिथे. तुझा वकील म्हणत होता, तो दुसऱ्याच भांडणात, लांब दक्षिणेला पडला. माझ्या रेघेने ते खोटं ठरवलं. मी दुसरं काय सांगणार होते? पाण्याला भाऊबहीण कळत नाही.

इथे या वर्षीही धुकं पडलेलं नाही. तुला आठवतं, जूनमध्ये समोरच्या घराचं दार दिसायचं नाही. आता आभाळ सकाळपासून तापतं आणि दुपारी धो धो कोसळतं. मागच्या आठवड्यात डोंगराची कड सुटली आणि खालच्या वस्तीतली दोन घरं माणसांसकट चिखलात गेली. एका बाईला बाहेर काढताना मी तिथेच होते. तिच्या तोंडातून दोन मुठी माती निघाली. इतकी वर्षं या डोंगरावर पावसाने नुसता हात फिरवला होता, धरून ठेवायला झाडाचं एक मूळ नाही. सगळे देवाला बोल लावतात. मी गप्प बसते. समुद्र एरवीपेक्षा दहा अंशांनी गरम आहे, हे त्या बाईच्या नवऱ्याला सांगून काय करू?

उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

तुझी ताई


२३ जून

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे.

तू मला 'समुद्राची नर्स' म्हणायचास. रोज ताप मोजायचा आणि औषध काही द्यायचं नाही. तुझ्या बोटीवर सगळ्यांसमोर म्हणालास तेव्हा इंजिनवाला इतका हसला की हातातला चहा सांडला. तो असा हसताना आठवतो आणि मग इस्पितळातला आठवतो. अकरा दिवस. त्याच्या तळहाताची कातडी हातमोज्यासारखी निघाली होती. मी गेले तेव्हा त्याने मला ओळखलं, पण ओठ उरले नव्हते, म्हणून बोलता आलं नाही.

हे सगळं कुठून सुरू झालं, ते मला तुझ्यापेक्षा आधी माहीत होतं. म्हणून लिहिते.

दर वर्षी उत्तरेचा वारा किनारा घासत खाली येतो. पृथ्वी फिरत असते, त्यामुळे त्याने ढकललेलं वरचं पाणी वाऱ्याबरोबर सरळ जात नाही. ते उजवीकडे, किनाऱ्यापासून लांब सरकतं. मोकळ्या झालेल्या जागेत खालचं थंडगार पाणी वर येतं आणि तळाशी साठलेलं खाद्य घेऊन येतं. त्यावर आपले मासे जगतात, माशांवर आपण. त्याच थंड पाण्यावर हवा गारठते म्हणून धुकं पडतं, आणि ढग चढत नाहीत म्हणून पाऊस पडत नाही. आपलं गाव, आपलं पोट, आपल्या घरांची पातळ छपरं, सगळं त्या एका वाऱ्यावर उभं आहे.

गेल्या वर्षी वारा पडला. इथलाच नाही, तिकडे विषुववृत्ताजवळचाही. वर्षानुवर्षं पश्चिमेला रेटून धरलेलं गरम पाणी मोकळं सुटलं, पूर्वेला आलं आणि आपल्या किनाऱ्याला घासून वर चढलं. थंड पाणी त्याच्याखाली दबून राहिलं. एप्रिलमध्ये माझ्या बोयांवर तेरा अंश असायला हवे होते, तेवीस होते. मासे एक तर खोल गेले, नाही तर मेले. जिथे जिवंत उरले ती एकच जागा होती. भूशिराच्या टोकाला वारा अजून कोपऱ्यावरून वळसा घेत होता आणि खाली दरी होती, तिथे चार किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद असा पट्टा थंड राहिला होता. दोन बंदरांच्या मिळून शंभर बोटी, आणि मासे त्या एका पट्ट्यात.

पट्टा दर आठवड्याला सरकायचा. त्याचा नकाशा मी काढायचे. दोन्ही बंदरांना एकाच सकाळी द्यायचा, हा नियम. तुला मी आदल्या संध्याकाळी देत होते. हे न्यायालयात कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तू तिथे सगळ्यांच्या आधी पोचायचास, आणि पलीकडच्या बंदरातल्यांना कळेना की हा माणूस रोज पहिला कसा. मग त्यांनी तुझी जाळी कापली. तुम्ही त्यांची कापली. त्यांनी तुमच्या एका खलाशाचे दात पाडले. तुम्ही त्यांच्या एकाला दोर बांधून बोटीमागून ओढत नेलं. ही बातमी तू मला हसत हसत सांगितली होतीस. मीही हसले होते.

त्या सकाळचं मला जे माहीत आहे ते साक्षीदारांकडून. नऊ वाजता पलीकडच्या बंदरातल्या त्या चष्मेवाल्याच्या बोटीने तुझं जाळं मधोमध चिरलं. तू बोट वळवून त्याच्या बोटीच्या कुशीत घुसवलीस. फळ्या फुटल्या. त्यांच्या बोटीवरून पेटती बाटली आली ती नेमकी इंजिनाच्या झाकणातून खाली गेली. इंजिनवाला पेटलेला वर आला. तू त्याला ओल्या जाळ्यात लोळवलंस. मग लोखंडी आकडीचा बांबू उचललास आणि त्यांच्या बोटीवर उडी मारलीस.

चष्मेवाला पुढच्या टोकाला उभा होता. त्याच्याच बोटीवरचे दोघे म्हणतात की तो आपल्याच माणसांवर ओरडत होता, "बस करा, माणूस जळतोय." तुला ते ऐकू आलं नसेल. पहिल्या घावाने त्याचा चष्मा चेहऱ्यात घुसला. दुसरा कानाच्या वर बसला आणि तो दोन बोटींच्या मधल्या फटीत गेला. अंगात नारिंगी जाकीट होतं, म्हणून बुडाला नाही. तू परत आपल्या बोटीवर उडी मारलीस, तोवर तीन बोटी तुझ्या अंगावर आल्या होत्या.

पहिला घाव मला कळतो. दुसऱ्याबद्दल मी विचार करते आणि थांबते.

तुझी ताई


५ जुलै

धाकट्या,

आज ती आली होती. चष्मेवाल्याची बायको.

मार्चमध्ये त्यांच्या बंदरातले पाच जण इथे केंद्रात आले होते, ते तुला कळलं असेलच. त्यांनी खिडक्या फोडल्या, यंत्रं जमिनीवर आपटली. एकाने माझे केस मुठीत धरून माझा चेहरा भिंतीवरच्या नकाशावर दाबला आणि म्हणाला, "दाखव, कुठे होता आमचा माणूस? बोटाने दाखव." मी दाखवलं. नाकातून रक्त आलं ते नकाशावर सांडलं. मी तक्रार केली नाही. केंद्राचे साहेब म्हणाले, तुमचं मन मोठं आहे. मी मान हलवली.

ती तशी नव्हती. तिने दारावर टकटक केली. बारीक अंगाची बाई, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. म्हणाली, "मी शिवणकाम करते. शाळा फार नाही झाली, पण मापं कळतात. दोन गोष्टी विचारू का?"

मी तिला खुर्ची दिली.

"डॉक्टर न्यायालयात म्हणाले, त्यांनी शर्टाची बाही फाडून स्वतःच्या डोक्याला बांधली होती. गाठ मागे होती, पक्की. म्हणजे ते शुद्धीवर होते."

"हो."

"किती वेळ?"

मी म्हणाले, डॉक्टरांनी वीस तासांचा अंदाज दिला होता.

"एवढा वेळ? समुद्रात माणूस दोन-चार तासांत गारठून जातो म्हणतात."

"एरवी तसंच होतं. त्या वर्षी पाणी गरम होतं."

तिने ते मनात मापून घेतल्यासारखं केलं. "म्हणजे गरम पाण्याने त्यांना जगवलं."

"हो."

"आणि बोटी त्यांना दक्षिणेला शोधत होत्या."

मी तिला सांगितलं तेच तुला सांगते. पडलेल्याला पाणी कुठे नेईल हे विचारायला बचाव कक्षाचा फोन आला तेव्हा मी पुस्तकातलं उत्तर दिलं. त्या महिन्यात आपला प्रवाह दक्षिणेला वाहतो, साठ वर्षांच्या नोंदी आहेत, कुठल्याही नकाशात बाण खाली आहे. कुणीही तेच सांगितलं असतं. प्रवाह उलटलाय हे मोजमाप नंतर हाती आलं. न्यायाधीशांनाही मी हेच सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

ती म्हणाली, "नंतर म्हणजे कधी?"

"दुसऱ्या दिवशी."

ती उठली. जाताना माझ्या मागच्या पडद्याकडे बघत थांबली. त्यावर बोयांचे आकडे असतात. आम्ही बोलत होतो तेवढ्यात ते एकदा बदलले. "हे किती वेळाने बदलतात?" तिने विचारलं.

"अर्ध्या तासाने."

तिने पदराने खुर्ची पुसली, जणू तिने ती मळवली होती, आणि गेली.

तेव्हापासून मला अण्णा आठवतायत. तू नऊ वर्षांचा होतास. बोटीचा नांगर मी हरवला होता, खेळताना दोर सोडला म्हणून. अण्णांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तू "मी" म्हणालास. त्यांनी तुला खांबाला बांधलं आणि दोराच्या ओल्या टोकाने मारलं. मी दाराआड उभी राहून मोजत होते. सतरा. तुझी पाठ फुटली तेव्हा मला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, आता सांगून काय, मारून तर झालं. आईने हळद लावली. तू मला म्हणालास, "तुला लागलं असतं." मी अकरा वर्षांची होते. मला खरंच लागलं असतं.

तुझी ताई


१२ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र आलं. दोन ओळी. "ताई, लिहू नकोस, इथे पत्रं आधी साहेब वाचतात. मी कुणाला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, आईला सांभाळ."

मी पाच महिने समजत होते की तू माझ्यावर रागावला आहेस. शिपायाला खोटं ठरवायला तीन वेळा आले. तू मला भेटत नव्हतास ते एवढ्यासाठी, की काचेपलीकडे माझा चेहरा बघून तुझ्या तोंडून काही निसटू नये.

पाकीट आईने घेतलं होतं. तिने फोडलं, वाचलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. भिंतीशी नाही, माझ्याशी बोलली. पाच महिन्यांनी.

"काय सांगितलेलं नाही त्याने?"

मी म्हणाले, काही नाही.

"मी तुझी आई आहे. दाराआड उभी होतीस तेव्हाही मला माहीत होतं, नांगर कुणी हरवला ते. काय सांगितलेलं नाही?"

मी कामावर निघून आले. इथे बसून हे लिहितेय. पुढचं आज नाही लिहिता येत.


२१ जुलै

धाकट्या,

अक्षर लागत नसेल तर सावकाश वाच. डाव्या हाताने लिहितेय. आणि पत्रं वाचणाऱ्या साहेबांना माझा नमस्कार. तुम्ही हे नीट वाचा, शिक्का मारा आणि वाटलं तर एक प्रत काढून ठेवा.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी माझ्या भावाचा मला फोन आला. इंजिनवाल्याच्या फोनवरून. इंजिनवाला पुढे मेला, त्याचा फोन कुणी तपासलाच नाही, म्हणून हे कुणाला ठाऊक नाही. भाऊ धापा टाकत होता. मागे कुणीतरी किंचाळत होतं, तो इंजिनवाला.

"ताई, मी एकाला मारलं. तो पाण्यात पडलाय."

"मेला?"

"नाही. हात हलवत होता. जाकीट आहे अंगात. ताई, मला वळता येत नाही, तीन बोटी मागे आहेत, आणि हा इथे जळतोय. तू बचाव कक्षाला सांग. भूशिराच्या टोकाशी, पट्ट्याच्या वरच्या अंगाला. लवकर सांग."

"तू मारलंस हे कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी. ताई, आधी त्याला काढायला सांग."

हे माझ्या भावाने केलं. दोन घाव घातले, आणि वीस मिनिटांच्या आत त्याच माणसासाठी मदत मागितली. हे न्यायालयात सांगितलं असतं तर त्याची शिक्षा वेगळी झाली असती. त्याने सांगितलं नाही, कारण पुढचा प्रश्न आला असता, फोन कुणाला केला, आणि तिने काय केलं.

तिने हे केलं. तिने फोन खाली ठेवला. समोर पडदा होता. नऊ वाजताचा आकडा त्यावर होता, प्रवाह उत्तरेला, ताशी सव्वा किलोमीटर. त्याआधीचे दोन आठवडे रोज तेच होतं. पुस्तक साठ वर्षं काय म्हणतं ते मला ठाऊक होतं आणि त्या सकाळी पाणी कुठे जात होतं तेही ठाऊक होतं. मी विचार केला, तो जिवंत निघाला तर सगळ्यांसमोर बोट करून सांगेल, यानेच मारलं. नाही निघाला तर गर्दीतली मारामारी, दोन्हीकडचे साक्षीदार एकमेकांना खोटं पाडतील. हा सगळा विचार करायला मला चहाचा एक घोट घेण्याएवढा वेळ लागला. मी खरंच एक घोट घेतला.

साडेनऊला बचाव कक्षाचा फोन आला. पलीकडच्या बंदराने कळवलं होतं.

"बाई, माणूस पडलाय, नक्की कुठे ते कुणी धड सांगत नाही. पाणी कुठे नेईल?"

"दक्षिणेला," मी म्हणाले. "या मोसमात दक्षिणेलाच."

बाराला त्यांनी परत विचारलं, सापडत नाही, काही चुकतंय का. मी म्हणाले, नाही. साडेचारला तोच अधिकारी होता, त्याचा आवाज बसला होता. म्हणाला, "बाई, सहा बोटी लावल्यात. एकदा आकडे बघता का?" मी आकडे बघत होते. मी म्हणाले, "आणखी दक्षिणेला जा."

तो माणूस तेव्हा नऊ किलोमीटर उत्तरेला होता. डोक्याला बाही बांधून. एरवीच्या थंड पाण्यात तो दुपारपर्यंत गेला असता आणि मी स्वतःला समजावलं असतं की फरक पडला नसता. पण त्या गरम पाण्याने त्याला संध्याकाळभर धरून ठेवलं, रात्रभर धरून ठेवलं. मला बारा वेळा, वीस वेळा फोन उचलायची संधी दिली. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत तो होता.

दुसऱ्या सकाळी मी बचाव कक्षाला कळवलं की प्रवाह उलटलाय. त्या अधिकाऱ्याने मला धन्यवाद दिले.

धाकट्या, आता पुढे तुला एकट्याला.

सोमवारी मी तिच्या घरी गेले. खालच्या मजल्यावर एक खोली, अर्ध्या खोलीत शिवणयंत्र, दुसऱ्या अर्ध्यात कापायचं टेबल. टेबलावर कुणाचा तरी निळा कोट कापायला पसरलेला. मी बसले नाही. टेबलावर हात टेकून उभी राहिले आणि वर लिहिलं ते सगळं तिला सांगितलं. चहाच्या घोटासकट. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मी संपवलं तेव्हा ती म्हणाली, "साडेचारला ते कुठे होते, पुन्हा सांगा."

"नऊ किलोमीटर उत्तरेला."

"बोटीला किती वेळ लागला असता?"

"अर्धा तास."

तिने कापायची मोठी कात्री उचलली आणि माझ्या हातात खुपसली. उजव्या हाताच्या मागून, निळ्या कोटातून, खाली टेबलाच्या लाकडापर्यंत. मला आधी आवाज आला, मग दिसलं, मग कळलं. ती मुठीवर सगळा भार देऊन उभी होती. तिचं तोंड माझ्या तोंडापाशी होतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "मी त्या दिवशी दक्षिणेच्या धक्क्यावर उभी होते. दिवसभर. तुम्ही मलासुद्धा उलट्या बाजूला उभं केलंत."

मग तिने कात्री उपसली. रक्त कोटावरून जमिनीवर आलं. मी खाली बसले असावे, कारण नंतर मला टेबलाचे पाय दिसत होते. ती दुसऱ्यांदा मारेल असं मला वाटलं. तिने कात्री पुन्हा वर उचलली होती. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती आणि मी वर बघत होते. मग तिने कात्री खाली आणली, त्याच कोटाच्या अस्तराची एक पट्टी कापली आणि माझा हात बांधायला घेतला. घट्ट बांधला, मुद्दाम दुखेल इतका. बांधताना एकदाच तिचे हात थांबले.

"उठा," म्हणाली. "हे पोलिसांसमोर बोला. मी बरोबर येते. वाटेत तुमचा विचार बदलायला नको."

आम्ही दोघी भर दुपारी रस्त्याने चालत गेलो. ती माझा कोपर धरून होती. बघणाऱ्याला वाटलं असेल, बहिणी आहेत.

ठाण्यातल्या हवालदाराने आधी हाताकडे बघितलं. "हे कुणी केलं?"

मी म्हणणार होते, यंत्रात अडकला. ती माझ्या आधी बोलली. "मी. कात्रीने. लिहून घ्या. आणि आता या काय सांगतात तेही लिहा."

"तुम्हाला हिच्याविरुद्ध तक्रार करायची आहे?" त्याने मला विचारलं.

"नाही."

"मग हिला तुमच्याविरुद्ध?"

"हो," ती म्हणाली. "मला करायची आहे."

लिहायला तीन तास लागले. बोयांच्या नोंदी केंद्रात जशाच्या तशा आहेत, कुणी त्या सकाळचं पान उघडून बघितलं नव्हतं एवढंच. बचाव कक्षाचे फोन ध्वनिमुद्रित असतात. तिन्ही वेळचा माझा आवाज त्यांना मिळाला. मला परवा सकाळी हजर व्हायचं आहे. खोटी साक्ष हा एक गुन्हा, आणि दुसऱ्याला काय नाव द्यायचं, यावर ते वकिलाचा सल्ला घेतायत.

तुझ्या वकिलाला मी भेटले. तो म्हणतो, तू सुटणार नाहीस. आकडी तुझ्या हातात होती. पण जन्मठेप कमी व्हायची आशा आहे, जर तू फोन केल्याचं स्वतः सांगितलंस तर. नुसतं माझं म्हणणं पुरणार नाही. ते म्हणतील, बहीण भावाला वाचवायला बघतेय.

आईला मी घरी येऊन सांगितलं. ती ऐकत राहिली. मग हाताची पट्टी सोडली, जखम धुतली, नवीन बांधली. मी म्हणाले, आई, काहीतरी बोल. ती म्हणाली, "त्या बाईला मुलं आहेत का?" मी म्हणाले, नाहीत. ती म्हणाली, "मग ती संध्याकाळी एकटीच असेल." मग ती आत जाऊन निजली. भिंतीकडे तोंड करून, पण भिंतीशी काही बोलली नाही.

वकील गुरुवारी तुझ्याकडे येईल. तो विचारेल, त्या सकाळी तू कुणाला फोन केला होतास. माझं नाव सांग. फोनवर तू काय म्हणालास ते सांग आणि मी काय विचारलं तेही सांग, शब्दाला शब्द. माझ्यासाठी मार खायचं आता बंद कर. मी दाराआडून बाहेर आले आहे.

आई रविवारी भेटायला येतेय, एकटी. तिला बसमध्ये खिडकीची जागा लागते, मी चालकाला सांगून ठेवलंय. शिपायाला नाही म्हणू नकोस.

तुझी ताई